किंमत ठरली, सूत्रे ठरली नाहीत : झी–सोनी वाटाघाटींचा मागोवा

एका कंपनीने दुसरीचे इतके समभाग किंवा हक्क मिळवणे की दुसरीचा कारभार कोणी चालवायचा हे पहिलीला ठरवता यावे, याला कंपनीचा ताबा घेणे म्हणतात. दोन कंपन्या एकमेकींत मिसळून एकच उरते तेव्हा ते विलीनीकरण ठरते. पण बहुतेक विलीनीकरणांच्या पोटात ताब्याचाच प्रश्न असतो, कारण नव्या कंपनीत अर्ध्याहून अधिक वाटा कोणाचा आणि व्यवस्थापकीय संचालक कोण, याचा निर्णय कोणाच्या तरी बाजूने लागावाच लागतो. पेण आणि रोहा यांच्या दरम्यानच्या कासू परिसराला ही प्रक्रिया परकी नाही. पनवेल–रोहा लोहमार्गावर कासूच्या पुढच्या नागोठणे स्थानकालगतच्या भागातील पेट्रोरसायन कारखाना इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीचा होता. २००२ मध्ये केंद्र सरकारने त्या कंपनीचे २६ टक्के समभाग १,४९१ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाला विकले, व्यवस्थापनही सोपवले, आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. पेण तालुक्यातच, धरमतर खाडीच्या बाजूला डोलवी येथे असलेला इस्पात इंडस्ट्रीजचा पोलाद कारखाना कर्जाच्या बोजाखाली आल्यावर डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलच्या ताब्यात गेला.

कारखान्याचा ताबा आणि दूरचित्रवाणी कंपनीचा ताबा यांत मात्र मोठा फरक आहे. डोलवीची भट्टी, तिथली जेट्टी, नागोठण्याची जमीन आणि यंत्रसामग्री मोजता येते, तिचे मूल्यांकन करता येते, आणि मालक बदलला तरी ती जागेवरच राहते. वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीजवळ असते ते कार्यक्रमांचे जुने संग्रह, प्रक्षेपणाचे परवाने, क्रीडास्पर्धांचे मुदतबंद हक्क, निर्माते आणि लेखक यांच्याशी वर्षानुवर्षे जुळलेले संबंध, आणि जेवणाच्या वेळी अमुकच वाहिनी लावण्याची लाखो घरांची सवय. यातले बरेचसे कागदावर हस्तांतरित होत नाही. ते माणसांबरोबर राहते किंवा माणसांबरोबर जाते. त्यामुळे अशा कंपनीचा चालक मूठभर समभागांचा धनी असला तरी खरेदीदाराला त्याची गरज भासते, आणि वाटाघाटीत तो स्वतःच्या समभागांपेक्षा कितीतरी मोठे काही मागू शकतो. भारतीय माध्यमक्षेत्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतच घडले: झी एंटरटेनमेंट आणि सोनी यांच्या भारतीय कंपनीचे २०२१ साली जाहीर झालेले आणि जानेवारी २०२४ मध्ये मोडलेले विलीनीकरण. त्या व्यवहारात किंमत हा मुख्य अडसर कधीच नव्हता. अडसर होता तो सूत्रे कोणाच्या हाती राहणार हा, आणि त्याहूनही वरचढ ठरले ते मुदतीचे गणित.

या वाटाघाटींची सुरुवात समजण्यासाठी कर्जापासून निघावे लागते. सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केली आणि १९९९ मध्ये अल्फा मराठी आणली, जी पुढे झी मराठी झाली. वाहिन्यांचा धंदा नफ्यात होता. पण समूहाने पायाभूत सुविधांसारख्या इतर क्षेत्रांत मोठी कर्जे उचलली होती आणि त्यांसाठी झीचे समभाग तारण ठेवले होते. तारण समभागांची रीत अशी की बाजारात भाव उतरला की सावकार आणखी समभाग किंवा रोख मागतो, आणि ते न मिळाल्यास तारण ठेवलेले समभाग विकून मोकळा होतो. विक्रीमुळे भाव आणखी पडतो आणि फास आवळत जातो. जानेवारी २०१९ मध्ये झीचा समभाग एका दिवसात सुमारे चतुर्थांशाने कोसळला, तेव्हा प्रवर्तकांना सावकारांकडे मुदत मागावी लागली. प्रवर्तक म्हणजे कंपनी उभी करणारे आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणारे कुटुंब किंवा गट. त्याच वर्षी जुलैअखेरीस अमेरिकेतील इन्व्हेस्को या गुंतवणूक संस्थेच्या निधीने झीचे ११ टक्के समभाग ४,२२४ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. पुढेही विक्री होत गेली, नोव्हेंबरमध्ये सुभाष चंद्र अध्यक्षपदावरून पायउतार झाले, आणि प्रवर्तक कुटुंबाकडे उरले ते जेमतेम ४ टक्के. कंपनी मात्र त्यांचे चिरंजीव पुनीत गोएंका हेच चालवत राहिले. मालकी आणि चालकत्व यांच्यात पडलेल्या या फटीतच पुढची पाच वर्षे सारे घडले.

कर्जाच्या वाटेने ताबा येणे ही झीपुरती गोष्ट नव्हे. एनडीटीव्हीच्या संस्थापक दांपत्याच्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीने २००९–१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियल या कंपनीकडून ४०३.८५ कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज घेतले आणि बदल्यात वॉरंट दिले. वॉरंट म्हणजे भविष्यात ठरलेल्या अटींवर समभाग मिळवण्याचा हक्क देणारा कागद. तो कागद बारा-तेरा वर्षे निजून होता. २३ ऑगस्ट २०२२ रोजी अदानी समूहाने विश्वप्रधान कंपनीच विकत घेतल्याचे जाहीर केले, वॉरंट बजावले, आणि आरआरपीआरकडे असलेल्या एनडीटीव्हीच्या २९.१८ टक्क्यांवर हक्क सांगितला. संस्थापकांनी आपली संमती घेतलेली नसल्याचे जाहीर केले, पण सही त्यांनीच पूर्वी केलेली होती. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपनीतील वाटा २५ टक्क्यांवर गेला की खरेदीदाराला उरलेल्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्याची तयारी दाखवावी लागते, ज्याला खुला प्रस्ताव म्हणतात. अदानींचा प्रस्ताव प्रत्येक समभागाला २९४ रुपयांचा, बाजारभावापेक्षा बराच कमी होता, तरी सुमारे ८.३ टक्के समभाग आले आणि अदानींचा वाटा ३७ टक्क्यांच्या पुढे गेला. संस्थापकांकडे तेव्हाही ३२.२६ टक्के होते. परंतु दुसऱ्या क्रमांकाचा वाटा घेऊन पराभूत संचालक म्हणून बसण्यापेक्षा त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये २७.२६ टक्के समभाग ३४२.६५ रुपयांना विकले. येथे लक्ष देण्यासारखी एक गोष्ट घडली: खुल्या प्रस्तावात २९४ ला समभाग देऊन बसलेल्या छोट्या भागधारकांनाही अदानींनी फरकाचे ४८.६५ रुपये दिले. या साऱ्या व्यवहारात खरी वाटाघाट २००९ मध्येच झालेली होती.

झीकडे परत येता, इन्व्हेस्कोसारखा मोठा भागधारक स्वतः वाहिन्या चालवत नाही. त्याला समभागाचा भाव वाढलेला हवा असतो. फेब्रुवारी–मार्च २०२१ मध्ये इन्व्हेस्कोने रिलायन्स आणि पुनीत गोएंका यांच्यात बोलणी घडवून आणली. ही गोष्ट उघड झाली ती पुढे ऑक्टोबरमध्ये, भांडण विकोपाला गेल्यावर, आणि रिलायन्सने स्वतः निवेदन काढून तिला दुजोरा दिला. त्या निवेदनानुसार रिलायन्सच्या प्रस्तावात गोएंका व्यवस्थापकीय संचालक राहणार होते. बोलणी फिसकटली ती संस्थापक कुटुंबाने आपला वाटा अधिमान्य वॉरंटद्वारे वाढवून मागितला म्हणून. अधिमान्य वाटप म्हणजे सर्व भागधारकांना न देता निवडक व्यक्तींनाच नवे समभाग देणे. त्यामुळे त्यांचा वाटा वाढतो आणि बाकीच्यांचा तितकाच आकसतो. निवेदनानुसार गुंतवणूकदारांचे म्हणणे असे होते की वाटा वाढवायचा असेल तर बाजारातून विकत घ्यावा. चार टक्क्यांच्या मालकाला आपला वाटा पुन्हा वाढवायचा होता, आणि समोरचा त्यासाठी इतरांचा वाटा खर्ची घालायला राजी नव्हता.

११ सप्टेंबर २०२१ रोजी इन्व्हेस्कोच्या दोन निधींनी, ज्यांच्याकडे मिळून १७.८८ टक्के समभाग होते, झीच्या संचालक मंडळाला विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करणारे पत्र दिले. गोएंका आणि आणखी दोन संचालकांना हटवून सहा नवे स्वतंत्र संचालक नेमावेत, असा त्या सभेपुढचा विषय होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०० नुसार दहा टक्के भांडवलाच्या धारकाला अशी मागणी करता येते. मंडळाने २१ दिवसांत सभा बोलावली नाही तर मागणी करणाऱ्याला ती स्वतः बोलावता येते. गोएंकांना वगळता उरलेल्या दोघांनी दोनच दिवसांत राजीनामे दिले. आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे पत्र आल्यापासून अकराव्या दिवशी, झीने सोनीबरोबर विलीनीकरणाचा प्राथमिक करार झाल्याचे जाहीर केले: सोनी सुमारे १५७.५ कोटी डॉलर नव्या कंपनीत घालणार, नव्या कंपनीत सोनीचा वाटा ५२.९३ टक्के आणि झीच्या भागधारकांचा ४७.०७ टक्के राहणार, गोएंका पाच वर्षे व्यवस्थापकीय संचालक राहणार, आणि संस्थापक कुटुंबाला आपला वाटा ४ वरून २० टक्क्यांपर्यंत नेण्याची मोकळीक असणार. ९० दिवस दोन्ही बाजूंनी अन्य कोणाशी बोलायचे नाही, अशी अटही त्यात होती.

ताब्याच्या धोरणशास्त्रात अशा खरेदीदाराला व्हाइट नाइट म्हणतात, म्हणजे नको असलेल्या आक्रमकाच्या हाती कंपनी पडू नये म्हणून व्यवस्थापनाने शोधून आणलेला सोयीचा मालक. वरवर पाहता गोएंकांनी कंपनीच विकायला काढली. पण कागदावरच्या अटी वाचल्या की दिसते, फेब्रुवारीत रिलायन्सकडे जे मागितले आणि मिळाले नाही तेच सोनीकडून त्यांनी मिळवले. सोनीने ते का दिले, हा प्रश्न रास्त आहे. सोनीची भारतातली सर्वांत जुनी अडचण ही की हिंदी मनोरंजन आणि क्रिकेट सोडल्यास प्रादेशिक भाषांत तिचा पाया उथळ होता. सोनी मराठी सुरू झाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये, तोवर झी मराठी, स्टार प्रवाह आणि ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झालेली वाहिनी यांनी घरे वाटून घेतली होती. अमेझॉन, नेटफ्लिक्स आणि रिलायन्ससारख्या खोल खिशाच्या कंपन्यांसमोर टिकायचे तर आकार हवा, आणि आकार तयार मिळत होता तो झीत. घाईत असलेला विक्रेता आणि आकाराची भूक असलेला खरेदीदार एकत्र आले.

वाटाघाटीवरील लेखनात एक कल्पना पायाभूत मानली जाते, जी रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ च्या पुस्तकामुळे जगभर रूढ झाली: टेबलावरून उठल्यास हाती उरणारा उत्तम पर्याय काय, यावर प्रत्येकाचे बळ ठरते. ज्याचा पर्याय चांगला, त्याला नकार परवडतो. पेण तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी याचा दाखला स्वतः घालून दिलेला आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी रिलायन्सला जमीन हवी होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मतदान घेतले गेले आणि विरोधाचा कौल स्पष्ट होता. जमीन न दिल्यास त्यांच्याकडे भातशेती राहत होती, म्हणजे नकाराचा पर्याय पोट भरणारा होता. प्रकल्पाला मात्र भूसंपादनाच्या कायद्याने घातलेली मुदत होती. ती उलटली आणि प्रकल्प बारगळला. ज्याला थांबणे परवडते त्याच्या हातात आकड्यांत न दिसणारी ताकद असते, हे कंपन्यांच्या वाटाघाटीत जितके खरे तितकेच जमिनीच्या.

या कसोटीवर सप्टेंबर २०२१ मधील तीन पक्षांची स्थिती तपासता येते. गोएंकांचा पर्याय वाईट होता, सभा झाली तर पद जाण्याची शक्यता होती, म्हणून त्यांनी वेळ विकत घेतला: झीने सभा बोलावण्यास नकार दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तर इन्व्हेस्को राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली. २६ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने इन्व्हेस्कोला मनाई केली. २२ मार्च २०२२ रोजी खंडपीठाने ती मनाई उठवली. न्यायालयात इन्व्हेस्को जिंकली, आणि दोन दिवसांनी तिने सभेची मागणीच सोडून दिली. याचे कारण तिच्या पर्यायात दडलेले आहे. विलीनीकरणाला मतदान करणाऱ्या भागधारकांची मूल्याने तीन-चतुर्थांश संमती लागते. सर्वांनी मतदान केले तर १७.८८ टक्क्यांना ते अडवता येत नाही. पण मतदान ७१ टक्क्यांपर्यंतच झाले, तर तेच १७.८८ टक्के झालेल्या मतांच्या चतुर्थांशाहून अधिक होतात, आणि एकटी इन्व्हेस्को सौदा पाडू शकते. तिच्याकडे अशी नाकेबंदीची ताकद होती, मात्र ती वापरली तर सोनी निघून जाणार, भाव पडणार आणि स्वतःचेच नुकसान होणार. जी ताकद वापरली की आपल्यालाच लागते ती दाखवण्यापुरतीच उपयोगी असते. इन्व्हेस्कोने सोनी-व्यवहाराला पाठिंबा जाहीर केला आणि लवकरच आपले समभाग विकायला काढले.

दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये झी आणि सोनी यांनी अंतिम करारावर सह्या केल्या, आणि त्यातले आकडे सप्टेंबरच्या आकड्यांशी ताडून पाहण्याजोगे आहेत. सोनीचा वाटा ५०.८६ टक्के, संस्थापक कुटुंबाचा ३.९९, इतर भागधारकांचा ४५.१५, झीच्या प्रत्येक १०० समभागांना नव्या कंपनीचे ८५. सोनी दोन टक्क्यांनी खाली आली ती अशी की सोनी समूहाने संस्थापकांना सुमारे १,१०० कोटी रुपये स्पर्धा न करण्याचे शुल्क म्हणून द्यायचे, आणि त्या पैशांतून संस्थापकांनी नव्या कंपनीचे समभाग घ्यायचे. स्पर्धा न करण्याचे शुल्क म्हणजे विकणाऱ्याने त्याच धंद्यात पुन्हा उतरू नये म्हणून मोजलेली रक्कम. ती फक्त संस्थापकांना मिळते, सामान्य भागधारकाला नाही. त्यामुळे एकाच कंपनीचे समभाग असूनही दोन प्रकारचे विक्रेते तयार होतात. ही तरतूद बेकायदा नव्हती, पण न्याय्य होती असे म्हणणे कठीण आहे: चार टक्क्यांच्या मालकाने केलेल्या वाटाघाटीचे विशेष फळ त्या चार टक्क्यांनाच मिळावे आणि बाकीच्या ९६ टक्क्यांनी त्याला मत द्यावे, ही रचना भागधारकांच्या समानतेला धरून नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भागधारकांनी जवळपास एकमुखाने तिला मान्यता दिली, कारण तोवर त्यांच्यासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता.

करारात दोन वर्षांची मुदत होती: २१ डिसेंबर २०२३ पर्यंत सर्व परवानग्या मिळवून विलीनीकरण पूर्ण व्हावे, न झाल्यास तीस दिवस बोलणी, आणि त्यानंतर कोणालाही बाहेर पडता यावे. सही करताना ही मुदत कोणाला फारशी जाचक वाटली नसावी. पण भारतात अशा व्यवहाराला शेअर बाजार, सेबी, भारतीय स्पर्धा आयोग, भागधारक आणि कंपनी कायदा न्यायाधिकरण अशा अनेक दारांतून जावे लागते. स्पर्धा आयोगाने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी मान्यता दिली ती बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक या वाहिन्या विकण्याच्या अटीवर. न्यायाधिकरणाची मान्यता आली १० ऑगस्ट २०२३ रोजी. या दोहोंच्या मध्ये, १२ जून २०२३ रोजी, सेबीने निधी वळवल्याच्या आरोपावरून अंतरिम आदेश काढून सुभाष चंद्र आणि पुनीत गोएंका यांना सूचिबद्ध कंपनीत संचालकपद घेण्यास मनाई केली. रोखे अपील न्यायाधिकरणाने ३० ऑक्टोबरला तो आदेश रद्द केला, मात्र चौकशी चालू राहू दिली.

या चार-साडेचार महिन्यांनी टेबलाची बाजू पालटली. करारात गोएंका यांचे नाव प्रमुख म्हणून लिहिलेले होते. ती त्यांची सर्वांत मोठी कमाई होती. आता त्याच नावामुळे सोनीला कचरायला जागा मिळाली, आणि चौकशी चालू असलेल्या व्यक्तीला प्रमुख नेमायचे की सोनीचे भारतातील अधिकारी एन. पी. सिंग यांना, यावर दोन्ही बाजू अडल्याच्या बातम्या आर्थिक वृत्तपत्रांतून महिनोनमहिने येत राहिल्या. मुदत जवळ येत होती तसा सोनीचा पर्याय सुधारत गेला: ती फक्त थांबली तरी मोकळी होणार होती. झीचा पर्याय मात्र बिघडत गेला, कारण दोन वर्षे सारे नियोजन विलीनीकरणाभोवती झालेले होते. गोएंका पद सोडण्यास तयार होते, असे झीने पुढे शेअर बाजाराला कळवले. पण अखेरच्या घटकेला दिलेली सवलत समोरच्याला बहुधा दुबळेपणाची खूणच वाटते, आणि तिची किंमत कमी होते. २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपुष्टात आणला आणि ९ कोटी डॉलर भरपाई मागितली. अटी पूर्ण झाल्या नाहीत, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी झीचा समभाग सुमारे तीस टक्क्यांनी कोसळला. सिंगापूरच्या लवाद केंद्रात दावे गेले, झीनेही पुढे तितकीच भरपाई मागितली, आणि २७ ऑगस्ट २०२४ रोजी दोघांनी कोणीही कोणाला काही न देता सर्व दावे मागे घेतले.

याच काळात शेजारच्या टेबलावर दुसरी बोलणी चालू होती, आणि तिची पाळेमुळे समजण्यासाठी अमेरिकेत डोकवावे लागते. स्टार इंडिया, आणि तिच्याबरोबर स्टार प्रवाह, ही रूपर्ट मर्डॉक यांच्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सची मालमत्ता होती. डिसेंबर २०१७ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग ५,२४० कोटी डॉलरच्या समभागांत घेण्याचे ठरवले. जून २०१८ मध्ये प्रतिस्पर्धी कॉमकास्टने ६,५०० कोटी डॉलर रोख देऊ केले. आठवड्याभरात डिस्नेला ७,१३० कोटींपर्यंत चढावे लागले. कॉमकास्ट मग बाजूला झाली आणि तिने ब्रिटनची स्काय घेतली. फॉक्स कॉमकास्टला मिळाली नाही, पण प्रतिस्पर्ध्याला तीच वस्तू सुमारे १,९०० कोटी डॉलर महाग पडली. लिलावात हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खिसा असा हलका करणे हा माध्यम-स्पर्धेचा जुना डाव आहे. मार्च २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि डिस्ने भारतात आली ती मोठ्या खर्चाचे ओझे घेऊनच. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना राखले, पण डिजिटल हक्क रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे गेले, आणि २०२३ मध्ये तिच्या जिओसिनेमा या ॲपने ते सामने फुकट दाखवले. ज्या मालासाठी प्रतिस्पर्धी वर्गणी मागतो तो माल फुकट वाटणे म्हणजे त्याला बोलणीच्या टेबलाकडे ढकलणेच होय. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, झी–सोनी मोडल्यानंतर पाच आठवड्यांनी, रिलायन्स आणि डिस्ने यांनी आपले भारतीय माध्यम-व्यवसाय एकत्र करण्याचा करार जाहीर केला. नव्या कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले होते आणि रिलायन्स ११,५०० कोटी घालणार होती. स्पर्धा आयोगाने या व्यवहाराला सशर्त मान्यता दिली २८ ऑगस्टला, झी आणि सोनी यांनी दावे मागे घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी; १४ नोव्हेंबर २०२४ रोजी तो पूर्ण झाला. या बोलण्यांत सूत्रांचा प्रश्न आधीच सुटलेला होता: रिलायन्स आणि वायकॉम१८ यांचा मिळून वाटा ६३ टक्क्यांच्या वर, डिस्नेचा ३६.८४, आणि अध्यक्षपदी नीता अंबानी. म्हणूनच नऊ महिन्यांत सारे आटोपले.

प्रेक्षक या टेबलावर कुठेच नसतो, तरी परिणाम त्याच्या घरी पोहोचतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टार, झी आणि सोनी यांनी नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही दिवस तोडले होते. पेणच्या केबलचालकाने वा कासूच्या ग्राहकाने वाहिन्यांच्या मूल्यांकनाचे तक्ते पाहिलेले नसतात; त्याला दिसतो तो काळा पडदा आणि नंतर वाढलेले महिन्याचे बिल. तिन्ही प्रसारक वेगळे असतानाही केबल कंपन्यांवर इतका दाब आणू शकत होते, तर त्यांची संख्या घटल्यावर दाब किती वाढेल, हा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे मराठी प्रेक्षकाच्या बाजूने अधिक जोराने मांडला जायला हवा होता, कारण मराठी मनोरंजन वाहिन्यांची बाजारपेठ हिंदीच्या मानाने लहान आहे आणि तिथे एक मालक कमी होणे लगेच जाणवते.

झीपुरते पाहता कथा अजून चालूच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोएंका यांनी व्यवस्थापकीय संचालकपद सोडले, मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून ते राहिले, आणि संचालक म्हणून त्यांची फेरनेमणूक भागधारकांनी निसटत्या मताने फेटाळली. जून २०२५ मध्ये संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाला २,२३७ कोटी रुपयांचे वॉरंट देऊन त्यांचा वाटा ३.९९ वरून १८.३९ टक्क्यांपर्यंत नेण्याचा ठराव मांडला. रिलायन्सशी २०२१ ची बोलणी ज्या मागणीवर अडली होती, जवळपास तीच मागणी आता कोणत्याही खरेदीदाराशिवाय थेट भागधारकांपुढे आली. विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात. जुलैमध्ये बाजूने पडली ती ५९.५ टक्के, आणि ठराव नामंजूर झाला.